कानसेनचं पहिलं वाक्य

२ फेब्रुवारी

आज मी खूश आहे, आणि खूश असलो की मला कुणाला तरी सांगावं लागतं. बायकोला सांगून झालं. ती "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. म्हणून ही वही.

घशाचा नवा अल्बम आला, एकट्याचा. घसा म्हणजे 'तिसरा मजला' बँडचा गायक, आम्ही चाहते त्याला पहिल्यापासून घसाच म्हणतो. बँड मोडून एकोणीस वर्षं झाली, तरी आमचा 'रहिवासी संघ' फोनवर रोज भरतो. चार हजार माणसं आहेत आणि अ‍ॅडमिन मी, 'कानसेन' या नावानं. खरं नाव तिथं कुणालाच माहीत नाही. संघात दोन तट आहेत. आम्ही लिफ्टवाले, म्हणजे बँड पुन्हा एकत्र येईल म्हणून लिफ्टपाशी ताटकळत उभे असलेले. दुसरे गच्चीवाले, त्यांना घसा एकटाच बरा वाटतो.

अल्बमचं नाव 'तळघर'. आता हे तर आयतंच हातात दिलं त्यानं! मी लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरून थेट तळघरात. लिफ्टची दोरी तुटली, दुसरं काय." दुपारपर्यंत सहाशे जणांनी दाद दिली. मग नीट चिरफाड केली. नऊ गाणी, पण झांज एकातही नाही. गिटार वर चढतच नाही, खालीच घुटमळते. जो माणूस एके काळी छप्पर उडवायचा तो आता बालवर्गाला शिकवल्यासारखा एकेक शब्द सुटा म्हणतो, आणि दोन शब्दांच्या मधे एवढी जागा सोडतो की तेवढ्यात चहा करून यावा. वरचे सूर लागत नाहीत म्हणून सगळंच खाली उतरवलंय, असा निकाल देऊन टाकला. कान पक्का आहे माझा. सोळा वर्षं लोकांचे कान तपासतोय आणि कानाची मशीनं बसवतोय, उगाच नाही.

एकच विरोध आला. 'भिंगरी' नावाची एक गच्चीवाली आहे, तिनं लिहिलं, "कानसेनदादा, रागात ऐकलंत. पुन्हा एकदा ऐका." मी म्हटलं, "पुन्हा तळघरात उतरायला गुडघे नाहीत माझ्याकडे." लोक खो खो हसले.

संध्याकाळी अप्पा बायकोचा फोन कानाशी धरून तेच ऐकत बसलेले. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. कानानं अर्धे, पण मुलगा या धंद्यात असून मशीन लावायला तयार नाहीत. म्हणाले, "कोण रे हा? छान गातो. शब्द न् शब्द कळतो." मी म्हटलं, अप्पा, तुम्हाला काय कळतं त्यातलं. ते म्हणाले, तेही खरंच.

९ फेब्रुवारी

देवा! ठोक्या आला होता. ठोक्या म्हणजे बँडचा ड्रमर. आमच्या दवाखान्यात, माझ्या बूथमध्ये, माझ्या खुर्चीवर!

कागदावर घरचं नाव होतं, म्हणून आधी कळलंच नाही. डोकं पांढरं झालंय. पण बसल्या बसल्या मांडीवर दोन बोटं वाजवत होता, आणि ती बोटं मी पाठ केलेली आहेत. मी चाहता आहे हे बोललो नाही. मॅडमचा दंडक आहे की पेशंट हा पेशंट, मग तो कुणीही असो. आम्ही तिघंच आहोत तिथं, मॅडम, काउंटरवरच्या ताई आणि मी.

चाचणी अशी असते की कानात बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. खालचे सूर त्यानं ओळखले. वरचेही सगळे ओळखले, अगदी वेळेवर. मला आनंद झाला. मग शंका आली. मी नेहमीच्या सवयीनं सारख्या अंतरानं सूर सोडत होतो. मधला एक सोडलाच नाही, तरी बटण दाबलं गेलं. अंतर मागंपुढं केलं तशी बोटं चुकायला लागली, आणि मग थांबलीच. माझा ठेका पकडून न ऐकताच बटण दाबत होता हा माणूस.

ग्राफ काढला. खाली ठीक, आणि मध्यावरून कड्यावरून पडल्यासारखा सरळ खाली.

मी समोर बसून, ओठ दिसतील असं, त्याला समजावलं. तो हसला. "पकडलंत तुम्ही. पंचवीस वर्षं अंदाजानंच चाललंय. शेवटच्या कार्यक्रमात अंदाज चुकला, तेव्हा उठून गेलो." मग म्हणाला, "हे बाहेर जायला नको. आमच्यातल्या एकालाच माहीत आहे, त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. लोक त्याला काय काय बोलले, पण नाही." मी छातीवर हात ठेवून सांगितलं, इथून काही बाहेर जात नाही.

"जूनच्या आत बसेल का सगळं? जूनमध्ये एक काम आहे. तोवर मला झांजांचं पितळ ऐकू यायला हवं." मी म्हटलं, बसेल की. घाईचं काय आहे ते विचारायचं सुचलंच नाही, मी आपला त्याच्या बोटांकडे बघत होतो. कानात गुलाबी लगदा भरून साचे घेतले. सव्वीस तारखेला बोलावलंय.

येताना आपलं माणूस घेऊन या, असंही सांगितलं. आमची पद्धत आहे तशी. मशीन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा बोलायचं ते घरच्यानं, आम्ही नाही. मागच्या आठवड्यात एका आजींना नातवानं पहिलं वाक्य ऐकवलं, "आजी, बिस्किटं संपलेली नव्हती, तू लपवलेली." आजी हसून हसून रडल्या. ठोक्या म्हणाला, "आणतो. तोच येईल."

१६ फेब्रुवारी

जरा गडबड झाली आहे. फार नाही.

दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता संघ उघडला तर जुनाच वाद पेटलेला. एकानं लिहिलं, शेवटच्या कार्यक्रमात ठोक्या पिऊन आला होता, म्हणून घशानं त्याला हाकललं. भिंगरी म्हणत होती की काय झालं ते त्या चौघांना ठाऊक, आपण गप्प बसलेलं बरं. मी दोघांनाही दटावलं. तर तो पहिला म्हणतो, "कानसेनला काय माहीत? तो नुसता दारावरचा वॉचमन."

हे मला लागलं. अकरा वर्षं संघ सांभाळतोय मी. डाव्या हातात चमचा होता, उजव्यानं लिहिलं. "वॉचमनला सगळं माहीत असतं. ठोक्या प्यायलेला नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हतं. आता तर काहीच येत नाही. ग्राफ मी या डोळ्यांनी पाहिलाय. लिफ्टची वाट बघणं सोडा."

लिहिलं आणि असं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, एका बाईंचं मशीन शिट्टी मारत होतं. ते नीट करून आलो तर दोनशे उत्तरं. लगेच पुसून टाकलं. नऊ मिनिटंच होतं ते.

आणि तसं बघितलं तर मी त्याची बाजूच घेतली. दारुडा म्हणत होते त्याला, ते मी खोडून काढलं. त्यात वाईट काय?

१८ फेब्रुवारी

नऊ मिनिटं पुरली. लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते. आता ते जिकडेतिकडे फिरताहेत. बहिऱ्या ड्रमरवर विनोद चाललेत. एकानं जुन्या कार्यक्रमाचा तुकडा टाकून ठोका कुठं सुटला तिथं लाल बाण काढलाय. त्याला हजारावर हसणारे चेहरे. आमच्याच रहिवाशांचे.

आज मॅडमनी आत बोलावलं. ठोक्यानं त्यांना तो फोटो पाठवला होता. सोबत एकच ओळ, 'ग्राफ तुमच्याकडेच आहे.' मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाल्या, "हा कोण कानसेन मला माहीत नाही. पण बातमी आपल्या तिघांतूनच गेली. मी बोललेले नाही. तुम्ही तर सोळा वर्षांत कामाखेरीज चार शब्द बोलला नाहीत. राहिल्या ताई. तुम्हाला काय वाटतं?"

इथं मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, गप्प राहिलो तर निदान खोटं तरी बोललो नाही असं होईल. पण गप्पसुद्धा राहिलो नाही. मी म्हणालो, "बोलतात त्या जरा जास्त, हे खरं."

मी असं म्हणालो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाही म्हणता यायचं नाही.

मॅडमनी मान हलवली. संध्याकाळी ताईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ताईंनी वाद घातला नाही. ड्रॉवरमधला कंगवा, चष्म्याचं घर आणि कपबशी पिशवीत घातली. सगळ्या पेशंटांची नावं तोंडपाठ असणारी बाई, मला फक्त एवढंच म्हणाली, "उद्याच्या अकराच्या आजोबांना जिना चढवत नाही हो, खाली जाऊन हात द्या."

मी उशिरापर्यंत साच्यांना पॉलिश करत बसलो. गरज नव्हती.

२१ फेब्रुवारी

सकाळी ताईंचा फोन आला. मी घेतला नाही, तर त्यांनी बायकोच्या फोनवर केला. बायकोनं स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

"दादा, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. एवढंच सांगायचं होतं की मी कुठंही बोलले नाही. इतर वेळी बोलते, माझं तोंड चालतं हे मला कळतं. पण पेशंटचं नाही. तुम्ही माझ्या बाजूनं मॅडमशी बोलला असाल, मला खात्री आहे. त्याबद्दल आभार मानायला फोन केला."

मी म्हणालो, "बघू काय होतं ते." असं म्हणालो मी! बघू!

बायकोनं फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "कानसेन कोण ते मला माहीत आहे. त्या बाईंना माहीत नाही. एवढाच फरक ना?"

मी चिडलो. तुला यातलं काही कळत नाही, नोकरी जाईल, अप्पांची औषधं आहेत, असलं बरंच आरडाओरडा करत बोललो. ती म्हणाली, "ओरडू नका. अप्पांना ऐकू येत नाही म्हणून बरंय."

अप्पा खिडकीत 'तळघर' ऐकत होते. आठवडाभर तेच चाललंय. मला बघून म्हणाले, "अरे, हे गाणं कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी केल्यासारखं वाटतं बघ." मी उठून बाहेर गेलो. त्यांच्या डोळ्यांत बघायची लाज वाटत होती.

२३ फेब्रुवारी

काउंटर रिकामा. फोनही मीच घेतोय. दुपारी दीड ते तीन कुणी नव्हतं.

आमच्या तपासणीच्या मशीनमध्ये एक सोय असते. पेशंटचा ग्राफ भरला की त्याला जग कसं ऐकू येतं ते घरच्यांना ऐकवता येतं. बायका नवऱ्यांवर चिडलेल्या असतात, मुलं आईवर वैतागलेली असतात, त्यांना हे अर्धा मिनिट ऐकवलं की मऊ होतात. मी हजारदा ऐकवलंय. स्वतः कधी बसलो नव्हतो.

ठोक्याचा ग्राफ भरला. हेडफोन लावले. आधी बँडचं गाजलेलं गाणं लावलं, ज्यावर मी तरुणपणी गळा फाटेस्तोवर ओरडलोय. पार चिखल. झांजा गेल्या, गिटार गेली. घशाचा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा, शब्द एकही नाही. एवढ्या गोंगाटात बसून हा माणूस वर्षानुवर्षं वाजवत होता.

मग सहज म्हणून 'तळघर' लावलं.

काहीच गेलं नाही.

दुसरं लावलं, पाचवं लावलं, नववं लावलं. ग्राफ काढून ऐकलं, ग्राफ घालून ऐकलं. तसंच. गिटार जागेवर, ताल जागेवर, शब्द न् शब्द जागेवर. मधल्या त्या मोकळ्या जागा, ज्यात मी चहा करून येणार होतो, त्या त्याला पुढचा शब्द गाठता यावा म्हणून सोडलेल्या. ज्याला वरचं ऐकू येत नाही त्या एका माणसासाठी अख्खा अल्बम ग्राफमधल्या कड्याच्या अलीकडे थांबवला होता घशानं. आणि 'आमच्यातल्या एकालाच माहीत आहे' म्हणजे कोण, तेही तेव्हा कळलं मला. दोन आठवड्यांनी! 'तोच येईल' म्हणजे कोण येणार होतं, तेही.

चार हजार माणसांत हे ऐकू यायला हवं होतं ते एकट्या मला. माझा रोजचा धंदा आहे हा. अप्पांना कळलं होतं.

बूथमध्ये बसून रडलो. आवाज बाहेर जात नाही तिथला.

२४ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा काहीतरी शेपूट जोडलं असतं. कानसेन मी. ताईंबद्दल जे म्हणालो तेही खोटेपणानंच म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग माझ्यासमोरच ताईंना फोन लावला, माफी मागितली, उद्यापासून या म्हणाल्या. मला म्हणाल्या, "सव्वीसची फिटिंग तुम्ही करायची. त्यांना तुम्ही सांगायचं, मी नाही सांगणार. मग किल्ल्या ठेवा."

ताईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं. "मला वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूनं बोललात," एवढंच म्हणाल्या, आणि दार हळूच लावलं.

घरी येऊन संघात खऱ्या नावानं सगळं लिहिलं. 'तळघर'बद्दल जे बरळलो होतो ते चुकीचं होतं, हेही लिहिलं. का चुकीचं ते नाही लिहिलं, ते सांगायचा हक्क माझा नाही. अ‍ॅडमिनपद भिंगरीला दिलं. शिव्यांचा पाऊस पडला, पडायलाच हवा होता. त्या गदारोळात एकानं विचारलं, "ते जाऊ द्या, रियुनियनचं काही कळलं का?" कालपरवापर्यंत मीही हेच विचारलं असतं.

२६ फेब्रुवारी

ठोक्या आला, एकटाच. ताईंनी त्याला पाणी दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी विचारलं, कुणी सोबत येणार होतं ना. त्यानं ओठ वाचले. "येणार होता. मीच नको म्हटलं. त्याला आता इथं कुणी बघितलं तर पुन्हा तमाशा." मग स्वतःहूनच म्हणाला, "जूनमध्ये आम्ही चौघं वाजवणार होतो. शंभर खुर्च्यांचा हॉल, कुणाला न सांगता. त्याचं म्हणणं, तुला ऐकू आलं तरच, नाही तर नाही. परवा हॉल सोडला. आता लोक येतील ते माझ्या कानांकडे बघायला, हातांकडे नाही."

एकोणीस वर्षं मी लिफ्टपाशी उभा होतो. ती येत होती, आणि दोरी मीच कापली.

आधी सांगायचं ठरवलं होतं, मशीन लावायच्या आधी. तोंड उघडलं, पण आवाज बारीक निघाला आणि नजर खाली गेली. तो म्हणाला, "काय? ओठ दिसू द्या." माझी हिंमत खचली. मान नकारार्थी हलवली आणि मशीनं बसवायला घेतली. साचे अगदी चपखल बसले. निदान तेवढं तरी काम चांगलं झालं होतं. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "पहिलं वाक्य बोलायला कुणी नाही. तुम्हीच बोला."

सुरू केलं. त्याचे खांदे एकदम उचलले गेले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, ते टिकटिकतं हे त्याला नव्यानं कळलं असणार. मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "कानसेन मीच."

तो हलला नाही. म्हणाला, "पुन्हा म्हणा."

मला वाटलं ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणालो, "कानसेन मीच आहे. तुमची गोष्ट मी बाहेर सांगितली."

"ओरडू नका. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. स्वच्छ. फक्त खात्री करायची होती."

मग मी बोलायला लागलो. दोन दिवस पाठ करत होतो, माफी, कारण, वॉचमन म्हणाले ते, ताईंचं, सगळं. पहिलंच वाक्य अर्ध्यावर होतं तेव्हा त्यानं हात वर केला. उजवं मशीन काढलं, डावं काढलं. दोन्ही डबीत ठेवून झाकण लावलं. डबी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून घेतले.

"हं," म्हणाला. "आता बोला."

मी बोललो. अगदी शेवटपर्यंत, एक शब्द गाळला नाही. त्याची दोन बोटं डबीवर हळूहळू वाजत होती. माझं संपलं तरी त्याचे डोळे मिटलेलेच होते. किती वेळ थांबायचं ते मला कळेना. शेवटी त्यानंच उघडले.

"झालं?"

मी मान हलवली.

तो उठला. डबी मात्र खिशात घातली. काउंटरपाशी थांबून त्यानं ती पुन्हा उघडली, दोन्ही मशीनं कानात घातली आणि ताईंना म्हणाला, "जरा काही बोला हो. काहीही बोला." ताई बोलायला लागल्या, आणि तो काउंटरवर कोपरं टेकून ऐकत राहिला. मी बूथमध्येच उभा होतो. मधलं दार बंद होतं, मला काही ऐकू आलं नाही.